पूर्वेकडची चटई

गेंगो फुरुहाता त्या रात्री पठारावर आला तो तोंड फुगवूनच. कारण साधं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. दोन हिवाळे रिकामी राहिलेली पूर्वेकडची चटई आज भरणार होती. दोन वर्षांपूर्वी वारेपर्यंत त्या चटईवर त्याची बायको सुमिए झोपायची. झोपायची कसली, आकाशाकडे तोंड करून जागायची. आणि आता तिथे कोण, तर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवणारी ती हिबिनो!

किसोच्या डोंगरातलं त्यांचं उल्का मोजायचं मंडळ तसं चिमुकलं. न्हावी ओकुहारा म्होरक्या. तो खुर्चीत बसून लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात नोंदी घ्यायचा. पश्चिमेचं आकाश तोफूवाल्या मिकिओचं, दक्षिणेचं गेंगोचं. उत्तरेला डोंगर आडवा, त्यामुळे तिकडचं कुणाच्याच वाट्याला नाही. पूर्व सुमिएची. डिसेंबरात मिथुन राशीतून उल्का झडायला लागल्या की आपापल्या दिशेला पाय करून सगळे रजईच्या पिशव्यांत शिरायचे.

सुमिएला खरं तर ताऱ्यांचं काडीचं वेड नव्हतं. लग्नानंतर गेंगो हिवाळ्यात रात्र रात्र बाहेर राहायला लागला तेव्हा तिचं डोकं फिरलं होतं. "उल्का मोजतो म्हणे! बघतेच मी, कुठली उल्का ती आणि कुठल्या गल्लीत राहते," असं म्हणून ती त्याच्या मागोमाग पठारावर आली आणि मग कायमची तिथलीच झाली. नजर अशी, की लाकडी फण्यांचे दाते कापून कापून डोळा तयार झालेल्या गेंगोलाही ऐकवायची, "तुमच्या त्या दिशेला गेली बघा एक, झोपलात वाटतं?" बाकीचे दिसलेली उल्का किती तेजस्वी तेवढाच आकडा सांगत. सुमिए आधी "आली!" म्हणायची, दारात पाहुणा आल्यासारखी, आणि आकडा मागाहून.

मंडळाचे नियम मोजकेच पण कडक. स्वतःला दिसेल तेवढंच सांगायचं. दुसऱ्याला विचारायचं नाही. आणि डोळा लागला, तर तसं मोठ्याने कबूल करायचं. तेवढा वेळ ओकुहारा हिशेबातून कापून टाकायचा. गेंगोने आजवर एकदाही कबूल केलं नव्हतं. घोरताना सापडला तरी म्हणायचा, "घसा साफ करत होतो."

"हिबिनोसान, आजची रात्र परीक्षेची समजा," ओकुहारा म्हणाला. "पूर्व सांभाळलीत तर पूर्व तुमची. हातची मोठी उल्का निसटली, तर मात्र मला विचार करावा लागेल."

"कसला विचार? रिकामी राहू दे की!" गेंगो फटकन बोलला.

"रिकामी दिशा ठेवून अजून किती हिवाळे नोंदी करायच्या, गेंगो?" मिकिओ म्हणाला. "वेधशाळेला निम्मं आकाश कापून पाठवायचं का?"

हिबिनो चाळिशीची, रुंद खांद्यांची, अबोल बाई. तिने वर्तमानपत्रात गुंडाळून भाजलेली रताळी आणली होती, ती सगळ्यांपुढे धरली. वाफेचा वास नाकात शिरला तसे गेंगोच्या पोटात कावळे ओरडायला लागले. पण तो म्हणाला, "मला नको. मी जेवून आलोय." आणि तिच्याकडे पाठ करून पिशवीत शिरला. रात्रभर पूर्वेकडे मान वळवायची नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं.

मनात एकच इच्छा होती. हिचं चुकावं. काहीतरी मोठं निसटावं हिच्या हातून, आणि चटई पुन्हा गुंडाळून ठेवली जावी. आपण दुष्टासारखं चिंततोय हे त्याला कळत होतं. कळूनही चिंतत होता.

मग रात्र शांत झाली. बर्फावर चांदण्यांचा निळसर उजेड पडला होता. खाली दरीत कुठेतरी ओढा गोठता गोठता वाहत होता. आकाश इतकं जवळ आलं होतं, की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच दिसत राही. एखादी उल्का आवाज न करता उतरायची, अंधारात कुणीतरी आकडा बोलायचं, ओकुहाराची पेन्सिल खरखरायची, आणि पुन्हा सगळं गप्प. पाठीखालची जमीन हलकेच डुलतेय असं गेंगोला वाटायला लागलं. आपण पठारावर नाही, पाण्यावर पडलोय. आपण आणि सगळे तारे मिळून कुठेतरी चाललोय, आणि कुणाला कसली घाई नाही.

"आली!"

आवाज पूर्वेकडून आला. सुमिएचाच. जरासा बसलेला, हसरा. गेंगोने मान वळवली, आणि त्याला ती उल्का दिसली. पूर्वेच्या कड्यावरून निघालेली, सोनेरी, रुंद, संथ. इतकी संथ की तिच्यासोबत चालत जावं. मागे धुराची बारीक रेघ ठेवून ती विझली आणि ती रेघही वाऱ्यावर वाकत वाकत पुसली गेली.

गेंगोच्या डोळ्यांतून पाणी आलं ते गालावरच गार झालं. सुमिए, अगं सुमिए, बघितलीस का! त्याने ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला कळेना, की डोळे आत्ता उघडले की मघापासून उघडेच होते.

ओकुहारा कुठे? खुर्ची रिकामी होती. तो गाडीपाशी चहाचा थर्मास आणायला गेला होता. मिकिओ पश्चिमेला पाय करून पडलेला. उरली हिबिनो. नियम मोडून तिला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"हिबिनोसान," तो कुजबुजला. पाठ केल्यापासून तिच्याशी बोललेला पहिला शब्द. "आत्ता तुम्ही हाक दिलीत?"

पलीकडे पिशवी खसफसली. मग चोरटा आवाज आला. "मी? नाही हो. मला... मला डोळा लागला होता. पहाटेपासून बर्फ काढत होते ना, झोपच झाली नाही. पूर्वेला काही गेलं का?"

झालं! गेंगोला हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. 'हो, गेली, ढळढळीत गेली' एवढं म्हणायचा अवकाश, की पूर्व परत सुमिएची. शिवाय उल्का खरी ठरली असती. ती खरी, तर हाकही खरी. दोन वर्षांत जी एकदाही ऐकू आली नव्हती, ती हाक.

"काय कुजबुज चाललीय?" थर्मास घेऊन परतलेला ओकुहारा जवळ येत म्हणाला. "नियम आहेत की नाहीत? पूर्वेला काही दिसलं का?"

"ओकुहारासान, मी—" हिबिनो उठून बसायला लागली.

"मी झोपलो होतो," गेंगो मोठ्याने म्हणाला.

"काय?"

"बहिरा झालास का? झोपलो होतो. स्वप्न पडलं. बडबडलो, म्हणून या बाईंची झोप... म्हणजे लक्ष उडालं. त्यांचाही वेळ काप. दोष माझा."

पश्चिमेकडून मिकिओ खदखदून हसला. "अरे देवा! गेंगो झोपला! ओकुहारा, ठळक लिही रे. आज आकाश खाली पडणार बहुतेक!"

"हस लेका, हस," गेंगो म्हणाला. ओकुहाराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, तसं लिहिलं आणि चहा ओतायला लागला.

संपलं. उल्का गेली आणि हाकही गेली. स्वतःच्या तोंडाने घालवली. गेंगोला सुमिएची इतकी आठवण आली की पिशवीतल्या पिशवीत त्याने मुठी आवळल्या. खरंच झोपलो होतो का आपण? कुणास ठाऊक. आता कधी कळायचंही नाही. पण परक्या बाईला तोंडघशी पाडून मिळवलेली हाक सुमिएने ऐकून घेतली नसती. चांगली खरडपट्टी काढली असती.

"फुरुहातासान," हिबिनो हळूच म्हणाली. "तुम्ही मला सांभाळून घेतलंत."

"छे. म्हाताऱ्याला लागतो डोळा कधी कधी." तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "तुम्ही आहात ना, तिथे माझी बायको असायची."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"ओकुहारासाननी सांगितलं होतं. म्हणून तर मी कडेला झोपलेय."

गेंगोने संध्याकाळपासून पहिल्यांदा त्या चटईकडे नीट पाहिलं. चटईचा त्याच्याकडचा अर्धा भाग मोकळा होता. नुसता मोकळा नाही, झाडून ठेवलेला. हिबिनो पार पलीकडच्या काठाला अंग चोरून पडली होती. तिचा एक रुंद खांदा चटईबाहेर बर्फात होता, आणि त्यावरचं कापड भिजून कडक झालं होतं.

"अगं, केव्हापासून अशी पडलीस तू?"

"सुरुवातीपासून. त्यांची जागा आहे, एकदम मध्येच कसं झोपायचं? दोघींना पुरेल म्हटलं."

गेंगो तिच्याकडे कुशीवर वळला. त्याने पिशवीतून हात बाहेर काढला आणि त्या मोकळ्या जागेवर ठेवला. दहिवराचा पातळ थर बोटांखाली मोडला. त्याने तो तळहाताने पुसला, पुन्हा पुसला, पार कोरडी होईपर्यंत ती जागा पुसत राहिला.

"मध्ये सरक, पोरी," तो म्हणाला.