आत्म्याचा सूर आणि टेबलाखालचा अंगठा

आमच्या डुलुथ गावातल्या चर्चच्या तळघरात त्या रविवारी अख्खी वस्ती डोळे मिटून रडत होती. कुणी गेलं नव्हतं. वाजत होता पोल्का, म्हणजे उड्या मारत नाचायचं गाणं.

"आधी फोनवरचं ऐका," क्लेटन महाराज म्हणाले. मागच्या हिवाळ्यापर्यंत ते बर्फ उडवायची यंत्रं विकायचे. आता गळ्यात फुटक्या रेकॉर्डचा तुकडा घालून फिरतात. "मेलेला सूर! डिजिटलमध्ये सुराचे तुकडे करतात, मधल्या फटींतून आत्मा गळतो. आता हे ऐका!" त्यांनी रेकॉर्डवर सुई टेकवली. तोच पोल्का, पण भरदार, छातीत घुमणारा.

"जाणवला फरक?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या मिनेसोटात पाहुण्याला 'नाही' म्हणत नाहीत. ताटातली शेवटची वडीसुद्धा कुणी उचलत नाही. अर्धी, मग पाव, मग पावाची पाव करत ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते.

सर्वांत जास्त रडत होता आमचा आर्विडमामा. त्याने कानातली ऐकायची दोन्ही यंत्रं काढून महाराजांच्या डब्यात टाकली होती, कारण तीही डिजिटल. प्रार्थनेनंतर तो डबा गोठलेल्या तळ्यात, मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकातून खाली जाणार होता.

"अहो, उद्या मी हाका मारल्या तर ऐकू कशा येणार?" मार्लिसमामी किंचाळली.

"चालेल, अर्धा कपच दे," मामा गोड हसला.

तेवढ्यात शाळेत बँड शिकवणाऱ्या सिग्रिडबाई उठल्या. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांनी मिटले नव्हते, आणि टेबलाची चादर हललेली त्यांना दिसली होती.

"माफ करा हं, उगाच त्रास देते. महाराज, तुम्ही खुर्चीत बसा. गुरूंनी का कष्ट करायचे? यावेळी मी लावते. सगळ्यांनी डोळे मिटा, तुम्हीसुद्धा."

महाराज खूश होऊन बसले. पोल्का घुमला. तळघर हुंदक्यांनी भरलं.

"हाच!" महाराज ओरडले. "हाच रेकॉर्डचा जिवंत आत्मा!"

"आता डोळे उघडा."

सुई हवेत होती. वाजत होता फोन. बाईंनी चादर उचलली. खाली स्पीकरला जोडलेली, पायाने दाबायची एक पट्टी होती आणि तिच्यावर बाईंचा बूट.

"ही दाबली की आवाज थोडा वाढतो. तेच गाणं जरा मोठ्याने लावलं की कान म्हणतो, छान आहे, भरीव आहे. मोठं आहे असं म्हणत नाही. रेकॉर्ड लावताना महाराज पायाच्या अंगठ्याने हेच करत होते."

"आत्मा मोठा म्हणून आवाज मोठा!" महाराज तडकले.

"मग आत्मा अंगठ्यात असतो का हो?"

बाईंनी दोन्ही सारख्या आवाजात लावून मतं घेतली. जवळजवळ निम्म्यांना आत्मा रेकॉर्डमध्ये सापडला, तितक्यांनाच फोनमध्ये, उरलेल्या दोघांना कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये. "रेकॉर्डची खरखर आवडते? खुशाल ऐका," बाई म्हणाल्या. "आवडीला चमत्कार लागत नाही."

मामीने डब्यातून यंत्रं काढून मामाच्या कानात कोंबली. मामा दचकला.

"अगं, हा पोल्का होता?"

"मग एवढं रडत काय होतात?"

"सगळे रडत होते. एकट्याने कोरडं बसणं बरं दिसलं नसतं."

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार ऐकवायला आला, तर आधी दोन्हीकडचा आवाज सारखा करायला सांगा आणि चादर उचलून बघा. ते उद्धटपणाचं वाटत असेल, तर आधी माफी मागा. पण उचला.