हेंक साहेबांच्या घरचा फोन

"फोन तूच कर गोरख," कोंडाजी अण्णा म्हणाले आणि टेबलावरचा फोन त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवला. "दीपकचा मोबाइल लागंना. सायेबांच्या बायकोला कळवायला नको का?"

 गोरक्षच्या बाहीवर हेंक साहेबांच्या तोंडचा फेस वाळून बसला होता. सकाळी द्राक्षांच्या पेट्या तपासता तपासता साहेब एकदम क्रेटवर बसले, छातीशी हात नेला आणि कलंडले. जीपमध्ये घालून नाशिकला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मान हलवली. पोलिसांत वर्दी देऊन अण्णा आणि गोरक्ष दिंडोरी रस्त्यावरच्या आपल्या पॅकहाउसवर परत आले, कारण परदेशी फोन लावायची सोय तिथंच होती. अण्णा मालक, पण इंग्रजी बोलायचा तो त्यांचा मुलगा दीपक, आणि तो नेमका कंटेनरबरोबर मुंबईच्या बंदरावर गेला होता.

गोरक्ष तिडके हा पॅकहाउसचा कारकून. मखमलाबादच्या माळ्याचं पोर. आई कुसाबाई अजूनही झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, आमचा गोरख हापिसात इंग्रजी लिहितो. ते खोटं नव्हतं. हॉलंडला जाणारे फॅक्स आणि ई-मेल तोच लिहायचा आणि दीपक खाली आपलं नाव टाकायचा. पण बोलायचं म्हटलं की गोरक्षची दातखीळ बसायची. तरुणपणी एका बँकेच्या मुलाखतीत तिथल्या साहेबांनी स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला सांगितलं, तर हा समोरचं पाणी पिऊन, नमस्कार करून परत आला. तेव्हापासून ऑफिसात परदेशातला फोन वाजला की याला हटकून लघवीला लागायची. पॅकिंगच्या बायका त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायच्या आणि हाही हसून घ्यायचा. आतून मात्र त्याला फार लागायचं.

हेंक साहेबांनी हे कधीच ओळखलं होतं. हॉलंडच्या खरेदीदाराकडून ते दर हंगामाला माल तपासायला यायचे. उंच, लालबुंद, उन्हानं कातडी सोललेला माणूस. गोरक्ष दिवसभर त्यांच्या मागे हिंडायचा आणि प्रत्येक वाक्याला 'येस सर' म्हणायचा. एकदा साहेब द्राक्षाचा मणी चिरता चिरता म्हणाले, की इंग्रजी माझी तरी कुठे घरची भाषा आहे, आणि माझ्या बायकोचं इंग्रजी ऐकलंस तर तुला भलताच धीर येईल. त्यावरही गोरक्ष 'येस सर' म्हणाला होता, आणि साहेब खो खो हसले होते.

आता त्याच बाईला फोन लावायचा होता.

"एकदम सांगू नको," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "सिरियस हाय म्हण. निघून या म्हण. एकटी असंल बिचारी घरात."

हे गोरक्षला सांगायची गरज नव्हती. असा निरोप असाच द्यायचा असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचे वडील गेले तेव्हा तो लासलगावला एका आडत्याकडे नोकरीला होता. शेजारच्या दुकानात फोन आला, बाबांचं जरा जास्त झालंय, निघून ये. तेवढ्यावरून तो जे समजायचं ते समजला. एसटीत खिडकीला डोकं टेकून पोटभर रडून घेतलं आणि घरच्या दारात पोचला तेव्हा आईला सावरण्याइतका घट्ट झाला होता. सांगणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं विचारायचं नाही. माणसाला रस्ताभराची उसंत मिळते. यापेक्षा मायेची रीत त्याला माहीत नव्हती.

त्यानं नंबर फिरवला. तिकडे नुकतं कुठे उजाडत असणार. बराच वेळ घंटी वाजली आणि मग झोपेतला बाईचा आवाज आला. गोरक्षच्या कानशिलावरून घाम ओघळला. खिडकीशी पॅकिंगच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यानं डोळे मिटले.

"मॅडम, आय ॲम गोरक्ष. फ्रॉम नाशिक, इंडिया. हेंक सर व्हेरी सिरियस. हॉस्पिटल. प्लीज कम."

तिनं काहीतरी विचारलं. तुटक, अडखळत, शब्द शोधत. आणि नवल म्हणजे त्याला ते कळलं. काय झालं, असं ती विचारत होती. हार्ट, तो म्हणाला. कधी, तिनं विचारलं. सकाळी, तो म्हणाला. आज पहिल्या विमानानं निघते, असं ती म्हणाली, तेही त्याला कळलं. तिनं थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला.

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खिडकीतली आक्काबाई हळूच म्हणाली, "बोलला की गं आपला गोरखभाऊ." आणि गोरक्षच्या मनात, त्या तसल्या वेळी, एक बारीकसा आनंद सळसळून गेला. आपण बोललो. तिला समजलं. एवढी वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंसंच होतं. दुसऱ्याच क्षणी त्याला दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवरचे साहेबांचे पाय आठवले. चादरीला पुरून उरलेले. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की तो उठून बाही धुवायला मोरीकडे गेला.

तो परत येतो तोच फोन वाजला. तीच होती. आता तिचा आवाज झोपेतला नव्हता. चांगला जागा, घाईतला होता. गोरक्ष ऐकू लागला.

तिनं मुलीला उठवलं होतं. मुलगी तिकडे नर्स होती. त्या दोघींनी मिळून सगळं ठरवलं होतं. हॉस्पिटलचं नाव काय, डॉक्टर कोण, साहेबांना मुंबईला मोठ्या दवाखान्यात हलवता येईल का, त्यांना कुठल्या गोळ्या चालत नाहीत हे डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांग. मुलगी म्हणते, वेळेत उपचार मिळाले तर हार्टचा माणूस हमखास उठून बसतो. तिनं शब्द आठवायला मध्येच थांबावं आणि पुन्हा सुरू व्हावं. ती रडत नव्हती. उलट थोडी हसलीच, कारण या वर्षी जाऊ नकोस म्हणून तिनं त्यांच्याशी भांडण केलं होतं आणि आता ते घरी आले की ती त्यांना चांगली ऐकवणार होती.

"यू टेक टेलिफोन टू हिम," ती म्हणाली. "ऑन हिज इअर. आय टॉक. ही विल हिअर मी. आय वेट."

गोरक्षनं रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला. 

"काय म्हनती?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तिला खरंच वाटलं."

"काय खरं वाटलं?"

"साहेब जिते आहेत असं. त्यांच्याशी बोलायचंय म्हणते. कानाला फोन लाव म्हणते."

 आयुष्यात अण्णांनी असे कितीतरी निरोप धाडले होते आणि कितीतरी झेलले होते. सिरियस म्हटल्यावर बाई औषधपाण्याचं बघायला लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खिडकीतल्या बायकांची कुजबुज थांबली. रिसीव्हरमधून तिकडच्या घरातला आवाज येत होता, कपाट उघडल्याचा, मुलीला काहीतरी विचारल्याचा. बाई बॅग भरत होती.

"येऊ दे तिला," अण्णा अखेर म्हणाले. "आल्यावर कळंल. सायेब झोपलेत म्हनून सांग. संध्याकाळपस्तोर दीपक येतोय, तो बघंल काय ते."

गोरक्षला ते फार सोपं होतं. झोपलेत एवढं इंग्रजी त्याला येत होतं. फोन ठेवला, की पुढचं सगळं दीपकच्या गळ्यात. पण मग ती बाई एवढं लांबचं अंतर विमानात बसून नवऱ्याला काय ऐकवायचं ते जुळवत येणार, आणि नाशिकला उतरल्यावर तिला कुणीतरी थेट शवागारात नेणार. एसटीत आपल्याला जी उसंत मिळाली ती हिला मिळायची नाही. ती आपण हिच्यापासून काढून घेतली, वर तिचं थँक यू घेतलं. त्याला भडभडून आलं.

त्यानं रिसीव्हर उचलला.

"येस," ती लगेच म्हणाली. "हेंक?"

"नो मॅडम. गोरक्ष."  वडील गेले तेव्हाही, आजवर कुणासाठीही, हा शब्द त्यानं मराठीतसुद्धा तोंडातून काढला नव्हता. "मॅडम, ही इज डेड."

 मग तिनं विचारलं, कधी. आत्ता का.

"नो. मॉर्निंग. बिफोर फर्स्ट फोन."

आणि मग तिनं जे विचारलं ते न विचारलं असतं तर बरं, असं त्याला जन्मभर वाटणार होतं. मग तू मला तसं का सांगितलंस? ती चिडली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं.  रीत, माया, वाटेतली उसंत, यातलं काय इंग्रजीत सांगायचं आणि सांगून तिला काय उपयोग. गोरक्ष एवढंच म्हणाला, की मॅडम, सॉरी, माझी चूक झाली.

ती म्हणाली, "यू वॉज विथ हिम?"

"येस."

"टेल."

मग गोरक्ष बोलू लागला. क्रियापदं चुकली, काळ चुकले, शब्द सापडला नाही तिथं त्यानं हातवारे केले, जणू तिला ते दिसणार होते. साहेबांनी सकाळी चहा घेतला, दोन वेळा घेतला. पहिल्या पेटीतला मणी चाखून अंगठा वर केला. मग बसले. मी धरलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. जीपमध्येही माझ्याच मांडीवर होतं. त्रास फार झाला नाही. एकटे नव्हते, मॅडम, एकटे नव्हते. हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आपण इंग्रजी बोलतोय याचं त्याला भान नव्हतं.

तो थांबला तेव्हा ती बोलायला लागली. पण आता इंग्रजीत नाही. इंग्रजी तिच्याकडून सुटून गेलं होतं. ती आपल्या भाषेत बोलत होती, सलग, भरभर, मध्येच हेंकचं नाव घेत. गोरक्षला त्यातला एक शब्द कळत नव्हता. अण्णांनी खुणेनं विचारलं, काय म्हणतेय. त्यानं हातानंच त्यांना थांबवलं आणि रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. ती श्वास घ्यायला थांबली, की तो म्हणायचा, "हो बाई. हो." आणि ती पुढे बोलायची.