आकडा चोरणारी टेप

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. लांबी साठ इंच, रंग एकेकाळी पिवळाधमक, आता कळकट. माझ्या टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे आणि पहिले चार आकडे मास्तरांच्या अंगठ्याने पार पुसून टाकले आहेत. आजवर मी हजारो माणसांच्या कमरेला मिठी मारली. त्यातल्या एकाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण तिच्यात थोडा दोष माझाही आहे.

कारखान्यातून आम्ही बारा बहिणी एकाच खोक्यात बाहेर पडलो. मास्तरांनी दुकानदारासमोर एकेकीला लाकडी फूटपट्टीला लावून पाहिलं आणि मला उचललं. "ही खोटं बोलणार नाही," ते बायकोला म्हणाले. मी तेव्हा केवढी फुशारले!

मास्तरांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची लांबट खोली. दोन शिलाई मशिनं, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा आणि दाराशी एक स्टूल. स्टुलावर मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या बाई, मापवही घेऊन बसत. मास्तर माप मोठ्याने सांगत, बाई लिहून घेत. मास्तरांची शिलाई चोख आणि जीभ गोड, त्यामुळे दुकानात कायम वर्दळ असे.

त्या गोड जिभेची एक रीत होती. पोट सुटलेलं गिऱ्हाईक आरशासमोर श्वास रोखून उभं राही. मी खरं काय ते दाखवी, चाळीस. मास्तर मात्र "अडतीस!" म्हणत आणि त्याच्या पाठीमागे दोन बोटं वर करत. बाई मुकाट्याने चाळीस लिहीत. पँट अंगाला बरोबर बसे आणि गिऱ्हाईक मिशीत हसत घरी जाई. यात कोणाचं काय बिघडतं, असंच आम्हा तिघांना वाटे.

बाईंना एकच भाऊ. तो बस स्थानकाच्या तिकीट खिडकीत दिवसभर बसून असायचा. खिशात सिगारेटचं पाकीट, तोंडात सतत काहीतरी तळलेलं, आणि हसणं असं की रस्त्यावरची माणसं वळून बघत. दर वर्षी गणवेश शिवायला आला की तो आरशासमोर छाती फुगवून विचारी, "दाजी, बघा बरं, लग्नातला आकडा टिकलाय का?"

"अडतीस!" मास्तर म्हणत. एका वर्षी पाठीमागे एक बोट वर झालं. मग दोन, मग चार. शेवटच्या वर्षी एका हाताची बोटं पुरली नाहीत. माझ्यावरचा आकडा होता चव्वेचाळीस.

त्या दिवशी दुकानाच्या तीन पायऱ्या चढतानाच त्याला धाप लागली होती. बाहेर ऊन नव्हतं, तरी त्याचा शर्ट घामाने चिंब होता. माप देता देता तो डावा हात चोळत होता.

"काय रे, बरं नाही का?" बाईंनी विचारलं.

"गॅस झालाय गं ताई. छाती भरून आल्यासारखी वाटते. जबडापण ठणकतोय, दाताचं असेल काहीतरी."

"मग डॉक्टरांना दाखव की."

"छे! अडतीस कंबर असलेल्या माणसाला काय धाड भरलीय?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझी गुंडाळी केली आणि म्हणाले, "दोन दिवस पडून राहा, बरं वाटेल." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टेपला आवाज कुठला?

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिकीट खिडकीतच कोसळला. मास्तर मला गळ्यातून काढायचंही विसरले आणि तसेच इस्पितळात धावले. तिथे डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "रक्तदाब, साखर कधी तपासली होती? पोटाचा घेर वाढला होता का?"

"नाही हो," त्याची बायको रडत म्हणाली, "लग्न झाल्यापासून कंबर अडतीसच आहे. तपासायला कशाला जातील ते? हे दाजीच कपडे शिवतात, विचारा ना यांना."

मी मास्तरांच्या छातीवर लोंबत होते. आतली धडधड मला कळत होती. "चव्वेचाळीस," ते कसेबसे म्हणाले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "छाती भरून येणं, घाम, हात आणि जबडा दुखणं. त्याच दिवशी आणलं असतं तर आमच्या हाताशी वेळ होता," एवढंच म्हणाल्या. दुपारी तो गेला.

पुढे महिनाभर मी खिळ्याला टांगलेली होते. माझ्यावर धूळ साचली आणि मला कोणी हात लावला नाही. मग मास्तरांनी मला पुसून पुन्हा गळ्यात घातलं आणि खरा आकडा मोठ्याने सांगायला सुरुवात केली. काही गिऱ्हाइकं तुटली. "मास्तर, तुमची टेप आटली वाटतं!" असं म्हणत एकजण तयार कपडे घ्यायला निघून गेला. दोघंतिघं मात्र खरंच रक्त तपासून आले.

वर्षाने त्या भावाची मुलगी आली. तिला वडिलांच्या जागी नोकरी मिळाली होती आणि गणवेश शिवायचा होता. बाईंनी तिचं माप घेतलं आणि मला परत मास्तरांच्या गळ्यात घातलं. ते झाल्यावर ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"आतोबा, तुम्हाला माहीत होतं. मग बाबांना का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. "आकडा ऐकून तो खूश व्हायचा गं. माझ्याने त्याचं मन मोडवेना."

ती रडली नाही. तिने मला त्यांच्या गळ्यातून ओढून घेतलं. "आता तुम्ही उभे राहा."

इतक्या वर्षांत मास्तरांनी स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. "राहू दे गं, मला काय झालंय?" ते पुटपुटले.

"पोट आत ओढू नका. श्वास सोडा." मी त्यांच्याभोवती फिरले. "त्रेचाळीस!" रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "आत्या, लिही."

बाईंनी लिहिलं. मग उठून भर सकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि तिघंही दवाखान्याच्या वाटेला लागली.

मास्तरांचा रक्तदाब बराच चढलेला निघाला. आता ते न चुकता गोळी घेतात, मीठ कमी खातात आणि दुकान उघडण्याआधी तासभर चालून येतात. मित्रांनो, माझ्यावरचा आकडा हृदयाचं सगळं दुखणं सांगत नाही. बारीक माणसालाही ते गाठतं. पण तपासायला जायची वेळ झाली, एवढं मी नक्की सांगू शकते. तेव्हा घरी टेप असेल तर आजच काढा. आई, बाबा, काका, आत्या, सगळ्यांना उभं करा आणि आकडा खरा सांगा. कोणाची छाती भरून आली, घाम सुटला, तर गॅस म्हणून घरी बसवू नका, तडक इस्पितळात न्या. तुमच्या बोलण्याने एखादं माणूस रुसेल. रुसू द्या. रुसलेलं माणूस संध्याकाळपर्यंत बोलायला लागतं.