कवड्याचा सोमवार

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. साईनाथ. बदलापूरला दुसरीबरोबर राहतो, त्याचं नाव घेतलं म्हणून माझं काय झिजणार आहे?

दोन वर्षांमागं त्याच्या आईला, माझ्या सासूला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा हा आला, ओटीवर बसला आणि मला म्हणाला, "आई अशी पडून आहे तोवर तू रहा. तिचं कर. हिंडाफिरायला लागली की मी तिला बदलापूरला नेईन आणि घर विकून टाकीन. गिऱ्हाईक तयार आहे." मग मी कुठं जायचं, ते काय त्यानं सांगितलं नाय. मीही विचारलं नाय. मला पोरबाळ नाय. माहेरी दोन खोल्यांत आठ माणसं, तिथं नववं कोण घालतो?

तर वैशाखरे गावाच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून आमचं घर, आणि घरात तीन जीव. मी, आत्याबाय म्हणजे माझी सासू, आणि मामंजींचा कुत्रा कवड्या. मामंजी होते तेव्हा हा रोज त्यांच्याबरोबर रानात जायचा. ते गेले, त्याला न्यायला कोण उरलं नाय, मग तो लोकांच्या कोंबड्या धरायला लागला. रोज दारात भांडण. शेवटी पडवीत साखळीनं बांधला. मी घरात, तो पडवीत. ओढ्यावर धुणं धुवायला अर्धा तास, त्यापलीकडं मी दोन वर्षांत गेले नव्हते. मुरबाडचा बाजार कुठल्या दिवशी भरतो तेसुद्धा विसरायला झालं होतं.

वैशाखात एका रविवारी दारात गाडी थांबली. ठाण्याची एक मॅडम, नम्रता नाव, आणि मागच्या सीटवर हे एवढं केसाळ कुत्रं. गळ्यात रुमाल! त्याला प्यायला वेगळी बाटली, बसायला वेगळी चादर. मला हसूच आवरेना.

"ताई, इथं जवळपास कुत्र्याला घेऊन दिवसभर फिरता येईल अशी जागा आहे का?" तिनं विचारलं. "पुढच्या महिन्यात आम्ही पाचसहा जण येणार आहोत, सगळ्यांचे कुत्रे आहेत. प्लॅन करतेय."

आता बघा, जिला घराबाहेर पडता येत नाय तिलाच विचारलं. पण मी सांगत सुटले. ओढ्याच्या काठानं वर जा, वाहतं पाणी पाजा, डबक्याचं नको. गुरं दिसली की साखळी आखूड धरा. करवंदीच्या जाळीत सोडू नका, गोचिडी लागतात. वाघोबाच्या दगडापाशी तर अजिबात सोडू नका, तिकडं बिबट्या फिरतो आणि त्याला कुत्रं फार आवडतं. बारा वाजायच्या आत माळावर पोचा, वर जांभळाखाली जेवा, उतरताना पलीकडच्या वाडीतनं उतरा. ती मोबाईलमध्ये भराभर लिहून घेत होती. "ताई, तुम्ही किती फिरता हो!" म्हणाली.

हे सगळं मामंजी जेवताना सांगायचे त्यातलं. मी स्वतः माळावर एकदाच गेले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

ती गेली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हिच्या रुमालवाल्या कुत्र्याला माळ दिसतो, आणि आमचा कवड्या त्या माळावर वाढला तो साखळीला! मी जुनी वही काढली आणि लिहायलाच बसले. किती वाजता निघायचं, भाकरी किती घ्यायच्या, त्याला सुकट घ्यायची, दोरी कुठली. एक दिवस. मला फक्त एक दिवस पाहिजे होता, सकाळी जायचं आणि दिवे लागायच्या आत परत. पण आत्याबाईपाशी बसणार कोण? तिला तासातासाला पाणी, चमच्यानं पेज, कुशीवर वळवणं. शेजारची मंगळी माझ्या जिवाची, पण ती रोज मजुरीला.

उत्तर एकच होतं, मोडा. आमच्याकडं लावणीच्या दिवसांत सोमवारी मोडा पाळतात. त्या दिवशी शेतात कोणी पाय ठेवायचा नाय, रोप उपटायचं नाय, नांगर धरायचा नाय. देवाचा दिवस. सगळ्या बाया घरी. मंगळी म्हणाली, "जा गो निर्मले, मी बसते म्हातारीजवळ. पण कुत्र्याला घेऊन फिरायला? तुला काय भूत लागलंय काय?" आणि खो खो हसली.

पहिल्या सोमवारी ओढा फुगला. दुसऱ्या सोमवारी मंगळीच्या घरी पाहुणे. तिसऱ्याला आत्याबाईला ताप. लावणी आवरत आली की मोडे संपणार, मग मंगळी पुन्हा कामावर, मग थेट पुढचं वर्ष. मी वहीत तारखा खोडत होते आणि कवड्यावर ओरडत होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

चौथ्या सोमवारी मात्र उघडीप पडली. आत्याबाईला पेज भरवली, कोरडं केलं, उशाशी पाणी ठेवलं. दोरी धरून बाहेर पडले तर समोर मंगळी अंगणात भांडी घासत होती. मी हात हलवला, तिनं हात हलवला. झालं. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाय.

काय सांगू! कवड्या पहिला फर्लांगभर मला ओढत नेत होता. मग वाघोबाचा दगड मागं पडल्यावर त्याला सोडला, तर तो गोल गोल धावत सुटला, चिखलात लोळला, माझ्या पातळावर उड्या मारायला लागला. मी त्याला शिव्या घालत होते आणि हसत होते. पायाखाली गवत मऊ, वारा असा की पदर धरवेना. चढताना दम लागला, बसले, परत उठले. कोणाला पाणी द्यायचं नव्हतं, कोणाला वळवायचं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी भूक लागली म्हणून जेवले.

दहाच्या सुमाराला माळाच्या कडेवर आले आणि खाली बघितलं. खाली आमची वाडी, रस्ता, आणि भाताची खाचरं. खाचरांत बाया ओळीनं वाकलेल्या. उघडीप असली तरी डोक्यावर निळे, पिवळे प्लॅस्टिकचे कागद, पावसाचा काय भरोसा.

सोमवारी? मोड्याच्या दिवशी?

आधी वाटलं दुसऱ्या गावच्या असतील. पण ते आमच्या वाडीतल्या कोंडूचं खाचर, आणि तिथं लाल कागद पांघरलेली मंगळीच. तिच्याशिवाय लाल कोणाकडं नाय. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारी कोंडूची चुलती वारली होती, मयत असल्यानं सगळ्यांनी शेतं बंद ठेवली होती. लावणी मागं पडत चाललेली. म्हणजे काल रात्री देवळात बसून जाणत्यांनी शनिवारची सुट्टीच मोडा म्हणून धरली आणि आजचा सोमवार कामाला खुला केला असणार. घरोघर निरोप गेला असेल. पण आमचं शेत खंडानं दुसऱ्याला कसायला दिलेलं, मी शेतावर जात नाय, मला मोड्याचा निरोप कोण देणार? आणि मंगळीला वाटलं असणार, मोडा हलला म्हणजे निर्मलेचं जाणंही हललं. सकाळी कुत्र्याला ओढ्यापर्यंत नेत असेल.

आत्याबाय सकाळपासनं एकटी होती.

मी कशी उतरले ते माझं मला ठाऊक. दोन वेळा पडले. गुडघा फुटला. तोंडानं देवाचं नाव आणि मनात एकच, घशात काही अडकलं असेल, खाटेवरनं पडली असेल, मेली असेल. आणि खरं सांगते, त्या भीतीत दुसरी पण भीती होती. ती मेली तर घर गेलं. मला माझीच लाज वाटत होती, तरी ते डोक्यातनं जाईना.

घरात शिरले तर खाट रिकामी. गोधडी नीट घडी करून ठेवलेली.

"आत्याबाय!" म्हणून ओरडले तर चुलीकडनं खोकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर म्हातारी पाटावर बसलेली, डाव्या हातानं भाकरी उलटतेय.

"आलीस?" ती म्हणाली. शब्द जड येत होते, पण शब्द होते. "बस. भाकरी जरा करपली माझ्याकडनं."

मी दाराला धरून उभी. कवड्या आत आला, तिच्या पायापाशी जाऊन बसला. त्याला काय नवल वाटलं नाय. त्यानं हे आधी बघितलं असणार.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"होळीपासनं. तू ओढ्यावर जायचीस तेव्हा खाट धरून उभी राहायची. मग चार पावलं. मग दारापर्यंत."

आणि मग माझं डोकंच फिरलं. "होळीपासनं? पाच महिने मी तुमचं हागणं-मुतणं काढलं! चमच्यानं भरवलं! रात्रीच्या उठून तुमाला कुशीवर वळवलं! माझी कंबर मोडली, आणि तुमी चालत होता?" मी इतक्या जोरात ओरडले की कवड्या उठून बाहेर गेला. गावात कोण असतं तर धावत आलं असतं. सगळी शेतात होती म्हणून बरं.

तव्यावरची भाकरी जळत होती, मीच उतरवली.

"लाज वाटायची गो," ती म्हणाली. "तू धुवायचीस तेव्हा डोळे मिटून घ्यायची. पण उभी राहिले असते तर त्यानं दुसऱ्या दिवशी मला नेलं असतं, घर विकलं असतं. तू कुठं गेली असतीस?"

"कुठं पण गेले असते!"

"कुठं?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आणि सगळं तुझ्यासाठीच, असं पण नाय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? बदलापूरला त्या बाईच्या हातचं खात चौथ्या माळ्यावर बसायचं, खाली उतरायला कोणाला तरी बोलवायचं. त्यापेक्षा मला ही खाट बरी. निम्मं तुझ्यासाठी, निम्मं माझ्यासाठी."

मी चुलीपुढं बसले आणि रडले. रागानं रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले, का ती जिवंत आहे म्हणून, काय कळेना. तिनं डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर हळद दाबली. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा माझं काहीतरी केलं.

"शनिवारी साईनाथ औषधं घेऊन येईल," ती म्हणाली. "तू ठरव. सांगायचं तर सांग, मी उठून बसते. नाय तर मी आहे तशी पडून राहते. मी काय बोलणार नाय."

संध्याकाळी मंगळी चिखलाच्या पायांनी धावत आली. "अगो, तू खरंच गेलीस काय? मला आता शेतात कळलं, तुला कोणी सांगितलंच नव्हतं! म्हातारी?" तिनं आत डोकावलं. आत्याबाय खाटेवर आडवी, तोंड एका बाजूला, डोळे वर. मी म्हटलं, "ओढ्यावरनंच परत आले." मंगळीनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "देवानं राखलं. आता परत असं डोक्यात आणू नको."

त्या आठवड्यात मी झोपले नाय. दिवसभर मनात हिशेब मांडायचा आणि मोडायचा. सांगितलं तर मी मोकळी. सकाळी उठून कुठंही चालू लागायचं, कवड्याला घ्यायचं, कोणाला विचारायचं नाय. पण संध्याकाळी परत यायला दार कुठलं? नाय सांगितलं तर घर राहील, पण ही धडधाकट म्हातारी धरून मी परत अर्ध्या तासाच्या ओढ्यावर. तिला एकटीला ठेवून दिवसभर गेले तर चार लोक विचारणारच, एकटी कशी राहिली? आधी निदान मला वाटायचं की मला कोणीतरी अडकवलंय. शिव्या द्यायला कोणी होतं.

शनिवारी साईनाथ आला. औषधांची पिशवी खाटेपाशी ठेवली, आईच्या डोळ्यांपुढं बोटं हलवून बघितली. तिनं पापणी लवू दिली नाय. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातनं लाळ गळत होती, आणि ती खरी का खोटी ते आता मलाही सांगता आलं नसतं.

"गिऱ्हाईक विचारतंय परत," तो म्हणाला. "आईत काही फरक? जरा तरी? बसते का धरून?"

आत्याबाय आढ्याकडं बघत होती. डाव्या हातानं तिनं गोधडीची किनार घट्ट धरली होती, ते मला दिसलं, त्याला नाय.

"काय फरक नाय," मी म्हटलं. "आहे तशीच आहे."

"मग बघ तिचं," असं म्हणून तो बाहेर गेला आणि फोनवर कोणाशी तरी बोलायला लागला.

मी पेजेची वाटी घेतली, खाटेवर बसले, तिची मान हातावर घेतली आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.