मिक्सर लाव, पुष्पे

लंकाबाईंच्या घरात शेंगदाण्याचा कूट कधी सरत नव्हता. आमटीत कूट, भेंडीत कूट, वर शेजारणींना वाटी-वाटी. गल्लीला वाटे, म्हातारीचा हात सढळ आहे. खरी गोष्ट वेगळीच होती. आतल्या खोलीत नात झोपलेली असली आणि दारात कुणाची चाहूल लागली, की लंकाबाई सुनेला हाक मारायच्या, "पुष्पे, मिक्सर लाव!" त्या घरघरीत आरतीचं घोरणं बुडून जायचं.

त्या रविवारी दुपारीही तसंच झालं. सोयरिकी जुळवणाऱ्या भामाबाई फाटक लोटून आल्या, आणि आत मिक्सर सुरू झाला.

"काय गं लंके, सदान्‌कदा दळन!"

"खाती तोंडं हायेत घरात. तुझ्यावानी लोकांच्या दारी चहा पिऊन भागत न्हाई आमचं."

भामाबाई हसत टेकल्या. राहुरीकडचं स्थळ आणलं होतं. "पोरीत खोट न्हाई ना काही? मंडळी लई चिकित्सक हायेत."

"खोट आसंल तर तुझ्या नजरंत."

बोलण्यात लंकाबाई कुणाला हार जायच्या नाहीत. पण खोट म्हणा, आजार म्हणा, ते होतंच. आरती नुसती घोरत नव्हती. घोरता घोरता तिचा श्वास अडायचा. सगळं घर गप्प व्हायचं. मग गुदमरल्यासारखा एक आचका, आणि पुन्हा घोरणं. अशी झोप झाल्यावर दिवसा पेंग येणारच. कुरिअरच्या हापिसात ती काउंटरवरच मान टाकायची. छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. तोंडावर मास्क लावायचं मशीन तिला सोसलं नाही, म्हणून त्यांनी सावेडीतल्या दातांच्या डॉक्टर सुमेधाबाईंकडे पाठवलं.

"श्वासाचं दुखनं अन्‌ दाताचा दवाखाना? डोकं दुखतंय अन्‌ पायाला पट्टी!" लंकाबाई तिथेही गप्प बसल्या नाहीत.

आरतीला खुर्चीतच डुलकी लागली होती. सुमेधाबाईंनी तिचा खालचा जबडा दोन बोटांनी हलकेच पुढे ओढला. घोरणं थांबलं. लंकाबाईंचा पदर आपोआप तोंडावर गेला.

"जबडा मागे आहे, आजी. झोपेत जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बुजते. मी दातांवर बसणारी पट्टी करून देते, ती झोपेत जबडा पुढे धरील." मग त्या आरतीच्या वडिलांकडे वळल्या. "वैजनाथराव, तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मागू. ते म्हणतील, दातांचा खर्च बसत नाही. पण हा दाताचा आजारच नाही. छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासणी जोडून भांडू आपण. फक्त सगळं आरतीच्या नावानं जायला हवं. आणि तोवर तिला गाडी चालवू देऊ नका."

"तिच्या नावानं?" लंकाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "बिनलग्नाच्या पोरीच्या नावावर आजार चढवायचा? वैजूच्या नावानं लिवा. बाप्या घोरला तर घर राखतो म्हन्त्यात. बाई घोरली तर घर बुडवती म्हन्त्यात."

"माप आरतीच्या तोंडाचं, नाव वडिलांचं? मी नाही करणार, आजी."

"मंग दुसरा करील."

दुसरा मिळालाच. शोधलं की मिळतोच. त्याने माप आरतीचं घेतलं, नाव वैजनाथचं घातलं आणि म्हणाला, मंजुरी आली की पट्टी न्या. मंजुरीच्या जागी विमा कंपनीचा तपासनीस आला. त्याने वैजनाथला खुर्चीत बसवून म्हटलं, "घाला बघू." पोरीच्या नाजूक जबड्याची ती पट्टी बापाच्या थोराड तोंडात शिरेना. वैजनाथ आ वासून बसला, हिरडीतून रक्त आलं, आणि तपासनीस ती पट्टी पुरावा म्हणून घेऊन गेला.

मान खाली घालून सगळे पुन्हा सुमेधाबाईंकडे गेले. बाईंनी एका शब्दानंही टोचलं नाही. आरतीच्या नावानं खरा दावा लावला. उत्तर आलं: दातांच्या दवाखान्याचं बिल पॉलिसीत बसत नाही, शिवाय या कुटुंबाचा आधीचा दावा खोटा निघालेला आहे. बाईंनी पुन्हा लिहिलं. त्यावर उत्तरच आलं नाही.

"आई, लग्नाला ठेवलेल्यातून करू," वैजनाथ म्हणाला.

"त्याला हात लावायचा न्हाई. हॉल काय तुझा सासरा देनार हाय?"

पुष्पावती कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "आत्याबाई, निदान गाडी तरी बंद करू."

"अन्‌ लोकांनी इचारलं, का बंद केली, तर?"

गाडी चालूच राहिली. एका सोमवारी कामावरून येताना एमआयडीसीच्या वळणावर आरतीचा डोळा लागला आणि स्कूटी दुभाजकावर गेली. जीव वाचला. खालचा जबडा मोडला.

दवाखान्याचं बिल विमा कंपनीने विनातक्रार मंजूर केलं. हाड मोडलं ते पॉलिसीत बसलं, श्वास अडला तो बसला नाही.

लंकाबाईंनी हातातल्या पाटल्या काढून सुमेधाबाईंच्या टेबलावर ठेवल्या. "करा आता पट्टी. तिच्याच नावानं करा."

सुमेधाबाईंनी पाटल्या परत त्यांच्या हातात घातल्या. "आजी, जबडा तारांनी बांधलाय. माप कशाचं घेऊ? हाड जुळेपर्यंत मलाही काही करता येत नाही. उशांना टेकवून निजवा. आणि जवळ बसा."

तेव्हापासून लंकाबाई नातीच्या उशाशी बसून असतात. सुमेधाबाईंसारखा दोन बोटांनी जबडा पुढे ओढावा म्हटलं, तर आता बोट लावायचीही सोय नाही.

भामाबाई परवा दुपारी पुन्हा आल्या. फाटक वाजलं तसा पुष्पावतीचा हात सवयीने मिक्सरवर गेला.

"बंद कर त्यो," लंकाबाई म्हणाल्या. "ये भामे. बस हितं. आयक."

समोर उशांना टेकून आरती घोरत होती. भामाबाईंनी चपापून रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. मग घोरणं एकदम थांबलं. घर गप्प झालं. आरतीची छाती हलेना.

"गं लंके, श्वास... पोरीचा श्वास..."

"ह्येच झाकीत हुतो आमी," लंकाबाई म्हणाल्या. त्यांची नजर नातीवरून हलली नाही. "आता वाट बघ माझ्यासंगं."