सभामंडप

"थांब, छत राहिलं," मामा म्हणाला आणि राजवाड्याच्या दिवाणखान्यात मधोमध उभा राहिला. मागून येणारी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत पुढे गेली.

भाचीने मान वर केली. "लाकडी आहे. नक्षी आहे त्याच्यावर."

"कसली?"

"वेलबुट्टीची."

"रंग?"

"हिरवा असावा. आता उडालाय. चल ना मामा, लोक अडलेत."

"अडू देत गं. मी जन्मभर त्यांच्यासाठी अडून बसलोय."

यात काही खोटं नव्हतं. मामाने उभी हयात सहलीची बस चालवली. राजवाडे, किल्ले, देवळं, जिथे म्हणून लोक बघायला जातात तिथे त्याने त्यांना नेऊन सोडलं आणि स्वतः पार्किंगमध्ये बसून राहिला. ड्रायव्हरने बस सोडून हलायचं नाही, हा मालकाचा नियम, आणि मामा नियमाला पक्का. निवृत्त झालो की सगळं आतून बघणार, असं तो येता-जाता म्हणायचा. निवृत्त झाला आणि डोळ्यांनी दगा दिला. "आता तुझे डोळे उसने घेतो," तो भाचीला म्हणाला होता, "जपून वापरीन, काळजी नको." ती हसत हसत हो म्हणाली. हसत हसत दिलेला शब्द निस्तरताना माणसाला घाम फुटतो.

भाचीचं ब्युटी पार्लर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका नवरीची तयारी करायची होती आणि त्या नवरीच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. त्यात नवी सँडल चावत होती. मामाला मात्र प्रत्येक खांबाची जाडी, प्रत्येक खिडकीची काच हवी होती. दुसऱ्या राजवाड्यात तिने राणीचा महाल परस्पर गाळून टाकला. "बंद आहे," म्हणाली. मामाने मान डोलावली. खोटं एकदा खपलं की पुढच्या वेळी जीभ अडखळत नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे टेकडीवरचं जुनं देऊळ. गाडी लावताना तिने पायऱ्यांकडे पाहिलं. त्या वर वर जात उन्हात दिसेनाशा झाल्या होत्या. पार्किंगच्या कडेला ड्रायव्हर लोकांना बसायला पत्र्याची लांबलचक शेड होती.

"आलं देऊळ," ती म्हणाली. "गाडी अगदी दाराशी येते इथे."

ठरवून नव्हती बोलली. तोंडातून निघून गेलं. मामा खाली उतरला, वाकून बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले आणि हात पुढे केला. तो हात धरून तिने त्याला शेडमध्ये नेलं.

"हा सभामंडप. दोन्हीकडे खांब."

"दगडी?"

"दगडीच."

"पायाखाली काय आहे?"

पायाखाली सिमेंट होतं, त्यावर तेलाचे डाग. "फरशी. झिजलेली, जुनी."

"आणि गाभारा?"

"समोर. अंधार आहे आत." समोर पाण्याची टाकी होती.

मामा सरळ उभा राहिला आणि त्याने हात जोडले. बाकावर पत्ते खेळणारे ड्रायव्हर बघतच राहिले. एकजण फिसकन हसला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टपरीवरून म्हातारा चहावाला हात पुसत पुढे आला. "अरे! उस्ताद, तुम्ही? इतक्या वर्षांनी? या, या, तुमचा तो बाक अजून..."

मामाने एक हात सोडवला आणि कमरेशी नेऊन पंजा हळूच खाली दाबला. मागच्या गाडीला 'जरा दमानं' सांगायला ड्रायव्हर खिडकीतून हात काढतात, तसा. चहावाल्याचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने भाचीकडे पाहिलं, मामाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने टपरीकडे वळला. मामाने हात पुन्हा जोडले.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने सगळा जन्म असल्याच शेडमध्ये काढला, त्याला तिने शेड देऊळ म्हणून दाखवली होती. जगात फसवायला तिला हाच माणूस सापडला होता.

"ऐसपैस आहे," मामा म्हणाला. गाडीपाशी येऊन त्याने काळ्या झालेल्या तळव्यांवर मोजे चढवले.

वाटेत ती म्हणाली, "मामा..."

"बोल."

"काही नाही."

सांगितलं असतं तर तो हसला असता, दोन-चार टोमणे मारले असते आणि विषय मिटला असता. हे तिला कळत होतं. तरी ती समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

शेवटचं देऊळ परतीच्या रस्त्यालाच होतं, चारी बाजूंनी उघडं. तिने फोन बंद केला, सँडल गाडीतच काढली. "मामा, बूट," म्हणाली. त्याने काढले. मग ती बोलत सुटली. खांबावरच्या नाचणाऱ्या बायका सांगितल्या, त्यांतल्या एकीचं फुटलेलं नाक सांगितलं, फळ खाणारं माकड, धुराने काळवंडलेली तुळई, छतातलं कमळ आणि त्याची गळून पडलेली एक पाकळी. आयुष्यात तिने कुठली वस्तू इतकी डोळे फाडून पाहिली नव्हती.

मामाने रंग विचारला नाही. जाडी विचारली नाही. तो फक्त "हं" म्हणत होता, "वा" म्हणत होता. भातुकलीतला चहा पुढे केल्यावर मोठी माणसं म्हणतात तसं.

"मामा, तू काहीच विचारत नाहीयेस."

"तू दमतेस गं," तो म्हणाला. "सांगशील तेवढं पुष्कळ आहे मला."

गाभाऱ्यासमोर ती थांबली. आत समई तेवत होती. मामा तिच्या शेजारी उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून. ती वाट पाहत राहिली.

"देव समोर आहे, मामा."

"हो का?" मामा म्हणाला. त्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्याने तोंड तिच्याकडे वळवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मग इथे जोडू हात? तू म्हणशील तसं."

तिला हो म्हणायचं होतं. पण 'समोर' हा शब्द तिने त्या शेडमध्येही वापरला होता.