हजाराचं काळं बटण

मी एक जुना लाकडी डबा आहे, मित्रांनो. पण जुना म्हणजे मोडीत काढण्याइतका नव्हे. माझ्या पोटात सहा खण आहेत. एका सुताराने मला एका शिंप्यासाठी बनवलं आणि मजुरीच्या बदल्यात स्वतःसाठी विजार शिवून घेतली. म्हणजे माझ्या जन्माला रोख पैसा लागलाच नाही.

दुकानात मी बटणं सांभाळली. गिऱ्हाईक म्हणे, "अस्संच हवं," आणि मालक न बघता नेमक्या खणात बोट घालत. केवढी ऐट होती माझी! मग त्यांची नजर थकली, दुकान बंद झालं, ते नुसते आजोबा उरले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

मला खाली काढलं त्यांच्या सुनेने. ती दवाखान्यात पावत्या फाडते, तिचा नवरा बस चालवतो. दोघांचे पगार येत, आणि अर्धा महिना सरला की दोघं एकमेकांना विचारत, "गेले कुठे?" सुनेने मला पुसलं आणि पाच खणांत पैसे वाटून ठेवले: भाडं, किराणा, वीज, औषधं आणि मुलीच्या परीक्षेची फी. सहाव्यात उरलीसुरली बटणं राहिली.

आता खर्च काही सांगून येत नाही. म्हणून तिने नियम केला. एका खणाने दुसऱ्याकडून उसने घेतले, की देणाऱ्या खणात बटण टाकायचं. शर्टाचं बटण म्हणजे शंभर, कोटाचं काळं बटण म्हणजे हजार. पगार झाला की बटण दिसेल तिथे पैसे भरायचे. माणसं माणसांचे पैसे बुडवतात. माझ्या खणांनी एकमेकांचे कधी बुडवले नाहीत.

एका महिन्यात मात्र संकटांनी रांगच लावली. मोरीतला नळ फुटला. औषधांचा खण त्या नळाने गिळला. तेवढ्यात आजोबांची कवळी पडून दुभंगली. फीच्या खणातून हजार निघाले आणि तिथे काळं बटण पडलं.

पगाराच्या दिवशी सुनेने झाकण उघडलं. शर्टाची बटणं दिसली, तिथे तिने भरणा केला. काळं बटण कुठेच दिसेना. "ह्यांनीच परस्पर भरले वाटतं," म्हणून ती खूश झाली. वर उरलेल्या पैशांतून नवऱ्याला बूट आले. जुन्या बुटांतून त्याचा अंगठा बाहेरचं जग बघत होता.

फी भरायला दोन दिवस उरले तेव्हा मुलीने नोटा मोजल्या. हजार कमी!

"तुम्ही भरले होते ना?"

"मी? मला वाटलं, तू भरलेस."

"मग काय पैशांना पाय फुटले?"

"फुटले असतील. बूट घालून गेले," नवरा म्हणाला आणि बायकोची नजर बघून त्याने बूट हळूच खुर्चीखाली सरकवले.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. वर्षभराचा अभ्यास त्या हजारावर अडला होता.

तेवढ्यात आजोबा फिरून आले, कोटाची सगळी बटणं लावून. सून त्या कोटाकडे बघतच राहिली.

"बाबा, हे मधलं बटण कुठून आणलंत?"

"आपल्याच डब्यातून! हुबेहूब जुळलं बघ. कुणा वेड्याने नोटांत टाकून ठेवलं होतं."

बटणांचा नियम त्यांना सांगितला होता. पण हिशेब हे सुनेचं खातं, म्हणून त्यांनी तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडला होता. सगळं ऐकून ते मटकन खुर्चीत बसले. नातीला मात्र हसू फुटलं.

"आजोबा, माझी फी छातीवर मिरवताय!"

"मी घालवली, मीच आणतो," म्हणून आजोबा उठले. कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याला कधीचे एप्रन शिवून हवे होते. घरातलं शिलाई मशीन उघडलं. सुनेने कापड बेतलं, नातीने सुई ओवली, आणि तयार एप्रन घेऊन नवे बूट खानावळीकडे धावले. शेवटच्या तारखेला फी भरली गेली.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. अडलं-नडलं तर माझ्यातून खुशाल घ्या. पण घेतलं की घरात सांगा. साधं बटण घेतलंत तरी सांगा.

काळं बटण सुनेने कोटावरून उसवून माझ्यात परत ठेवलं आहे. कोटाला आता नवं हवं. पण ते कुठल्या खणातून आणायचं, यावर घरात एकमत नाही. तोवर आजोबा उघड्या काजावर हात धरून हिंडतात. लोकांना वाटतं, काय रुबाब आहे म्हाताऱ्याचा!